न धुतलेलं चित्र

कार्डिफमधल्या एका संग्रहालयात तळमजल्यावर एक लांबट खोली आहे. आधी कळवून गेलं की तिथे जुनी छापील चित्रं पेटीतून काढून तुमच्यासमोर ठेवतात. पेन बाहेर ठेवायचं, हात धुऊन यायचं, आणि राखाडी फोमच्या उशीवर ठेवलेल्या कागदाकडे वाटेल तितका वेळ बघत बसायचं. गेल्या मार्चमध्ये ब्रॅकनेलहून सकाळची ट्रेन पकडून मी तिथे गेले. पेटीचं झाकण उघडलं आणि आधी वास आला. थोडा ओल्या गोणपाटाचा, थोडा शिळ्या पोळीचा. हा वास मला पाठ होता. बाराव्या वर्षी याच वासात बसून मी शाळेची फ्रेंच क्रियापदं घोकली होती.

पेटीत पंधरा चित्रं होती. पोस्टकार्डाहून थोडी मोठी, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, चारशेहून जास्त वर्षांपूर्वीची. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसाची ही मालिका. बागेतली प्रार्थना, चाबकाचे फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस. चौदा चित्रं स्वच्छ, चहाचा थेंब पडलेल्या दुधासारख्या रंगाची. पंधरावं मात्र मळकं. ते समोर ठेवताना तिथली तरुण सहायक जरा ओशाळली. म्हणाली, सॉरी, हे एक स्वच्छ केलेलं नाही, का ते आम्हालाही नीट माहीत नाही.

मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर आईच्या साडीपासून सुरुवात करावी लागली असती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कार्डिफच्या एका चढाच्या रस्त्यावर राहत होतो. घरांची सलग रांग, प्रत्येक घराला पुढे हातभर बाग आणि मागे भिंतींनी आखलेली गवताची पट्टी. बाबा हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. आई कोल्हापूरची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. बसपुरतं, दुकानापुरतं, शाळेतल्या पेरेंट्स ईव्हनिंगपुरतं इंग्रजी तिला येत होतं. मनातलं मात्र मराठीतच यायचं. आमचं देवघर वरच्या मजल्यावर एअरिंग कपबर्डमध्ये होतं. गरम पाण्याची टाकी असलेलं ते कपाट. टाकीच्या वरच्या फळीवर देव आणि खालच्या फळीवर टॉवेल. बाबा म्हणायचे, या देशात देवांनाही सेंट्रल हीटिंग लागतं. सकाळी ते दार उघडलं की गरम कापड, उदबत्ती आणि तूप असा एक मिश्र वास जिना उतरून माझ्या कॉर्नफ्लेक्सपर्यंत यायचा.

मी अकरा वर्षांची असताना आईला दिवस होते. फेब्रुवारीत ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि चौथ्या दिवशी रिकाम्या हातांनी परत आली. मुलगी होती. जन्मायच्या आधीच गेलेली. त्या काळी इथे रीत अशी होती की असं मूल आईला दाखवायचंच नाही. पाहिलं नाही तर विसरायला सोपं जातं, असं सगळ्यांना मनापासून वाटायचं. पुढचं सगळं हॉस्पिटल बघेल, असं आईला सांगण्यात आलं, आणि हॉस्पिटलने ते बघितलंही. कुठे, कसं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बाबा स्वतः डॉक्टर. त्यांनीही आमच्यासमोर त्या विषयाचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर आईने एअरिंग कपबर्डचं दार लावून घेतलं. आदळलं वगैरे नाही, हलकेच लावलं. टॉवेल आम्ही रेडिएटरवर वाळवायला लागलो. मी एकदा विचारलं, देवांना भूक लागली असेल ना? आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि बटाटे सोलत राहिली.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. तिच्या सुती साड्यांना ती खळ घालायची. गव्हाचं सत्त्व काढून, चिवट शिजवून, गाळून. वारा असेल त्या दिवशी मागच्या दोरीवर साडी वाळत घातली की ती पत्र्यासारखी वाजायची. एप्रिलमधल्या अशाच एका सकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या मिस पॅरींनी हाक मारली आणि विचारलं, या कापडाला तुम्ही नेमकं काय लावता?

मिस पॅरी सत्तरीच्या होत्या. उंच, सडपातळ, दोन कार्डिगन एकावर एक घालणाऱ्या. एकट्याच राहायच्या. जन्मभर त्यांनी जुने कागद दुरुस्त केले होते: हस्तलिखितं, नकाशे, छापील चित्रं. निवृत्तीनंतरही ग्रंथालयं आणि संग्राहक त्यांच्याकडे काम पाठवत. त्यांच्या धंद्यातही गव्हाची खळच लागायची, फाटलेला कागद सांधायला. आता संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती आणि खळीत गुठळ्या राहत होत्या. आईने घरातून पातेलं आणलं, त्यांच्या गॅसवर ठेवलं आणि गुठळी न होऊ देता खळ कशी ढवळायची ते करून दाखवलं. मिस पॅरींनी चमचा उचलून धार बघितली आणि म्हणाल्या, चाळीस वर्षांत मला अशी जमली नाही.

त्या दिवसापासून आई त्यांच्याकडे जाऊ लागली. आधी खळ करायला, मग मिस पॅरींची बोटं करायची ती कामं करायला. शाळा सुटली की मीही सरळ तिकडेच जायची.

ती मागची खोली मला अजून कोपरान् कोपरा दिसते. उत्तरेकडची मोठी खिडकी, पांढऱ्या एनॅमलच्या पसरट ट्रे, टिपकागदाचे ठोकळे, वाळूच्या पिशव्यांची वजनं, भिंतीत फुसफुसत खोली तापवणारी गॅस फायर. मिस पॅरी चॅपलला, म्हणजे मूर्ती-चित्रं न मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनाघरात जाणाऱ्या. त्यांच्या चॅपलमध्ये भिंतीवर खिळासुद्धा नाही, चित्र तर लांबच, असं त्या सांगायच्या. आणि त्यांचा सगळा जन्म गेला कॅथलिक लोकांची चित्रं धुण्यात. याचं त्यांना हसू यायचं. काम करताना त्या वेल्शमध्ये स्तोत्रं गुणगुणायच्या. आईला त्यातला शब्द कळत नव्हता, पण आठ दिवसांत चाल तिच्या तोंडात बसली. भाकरी थापताना ती चाल आमच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा पेपरमागून हळूच बघत राहिले. आई गुणगुणत नव्हती त्याला तीन महिने होऊन गेले होते.

कागद पाण्यात धुतात हे आईला खरंच वाटेना. पहिलं चित्र ट्रेमध्ये सोडताना तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा कागद तळाशी शांत पडला होता आणि एक रेघही हलली नव्हती. छपाईची शाई तेलात खललेली असते, ती पाण्याला दाद देत नाही. सुटतो तो फक्त शतकांचा मळ. पाणी हळूहळू फिकट चहासारखं होत गेलं. मिस पॅरींनी सांगितलं की हा कागद चिंध्यांचा, लोकांच्या जुन्या सदऱ्यांचा आणि चादरींचा, कुटून केलेला. म्हणून तर पाण्यात टिकतो. आई हसली. मला म्हणाली, सांग त्यांना, म्हणजे मी इथेही धुणंच धुते आहे.

जूनमध्ये ऊन पडलं की ट्रे बाहेर गवतावर यायच्या. पाण्याखाली बुडवलेल्या कागदाला ऊन दाखवलं की डाग उडतात. आई राखणीला बसायची, डोक्यावर पदर घेऊन, हातात झाडाची डहाळी. कुरडया राखत बसावं तशी. ढग आला की आम्ही तिघी धावायचो. कार्डिफचा ढग दर वीस मिनिटांनी यायचा. एवढं धावूनही मिस पॅरी कधी वैतागल्या नाहीत. ट्रे टेबलावर ठेवून, धापा टाकत, त्या आईच्या खांद्यावर हात ठेवायच्या. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या. अगदीच अडलं तर मी होतेच. माझी मराठी तेव्हा लंगडी. ‘ती कागद’ आणि ‘तो चित्र’ असं मी बिनदिक्कत म्हणायची. त्यावर आई मला सुधारायची आणि मग मिस पॅरीही तो शब्द म्हणून बघायच्या. ‘तो कागद’ त्यांना माझ्याआधी जमला.

ती पंधरा चित्रं शरद ऋतूत आली. ब्रिस्टलच्या एका संग्राहकाने ती पाठवली होती. कुठल्यातरी मोडलेल्या मठातल्या एका वहीत ती चिकटवलेली होती. सगळी सोडवून, धुऊन, डाग काढून हवी होती. मिस पॅरींनी एकेक चित्र आईला समजावून सांगितलं. छपाई आली तेव्हा चित्र पहिल्यांदाच साध्या माणसाच्या हाती पडलं, असं त्या म्हणाल्या. तोवर देव चर्चच्या भिंतीवर, उंचावर. आता तो उशाखाली ठेवता येऊ लागला, सदऱ्याच्या आत शिवता येऊ लागला, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येऊ लागला. आणि लोकांना हवा होता तो हा, जखमी, थकलेला देव. महामारी, लढाया, बाळंतपणातले मृत्यू. घराघरांत दुःख होतं, आणि ज्याला स्वतःला फटके बसलेत तोच देव जवळचा वाटायचा.

मी हे सगळं तोडक्यामोडक्या मराठीत आईला सांगत होते. ती फटक्यांच्या चित्राकडे बघत म्हणाली, कोरणाऱ्याने पाठीवरची एकेक रेघ किती सावकाश कोरली असेल, त्याला दुखलं असेल.

पंधरावं चित्र म्हणजे क्रूसावरून उतरवलेला मुलगा आईच्या मांडीवर. ती बसलेली, तो आडवा. मांडी लहान पडते आहे. त्याची टाच जमिनीला लागली आहे आणि तिने त्याची मान स्वतःच्या कोपरावर तोलली आहे. बाकी सगळं चित्र रेघ न रेघ शाबूत, पण मुलाचा चेहरा जवळजवळ गेलेला. तिथला कागद पातळ होऊन तुपकट झाला होता. मिस पॅरींनी सांगितलं की हे ओठांनी आणि बोटांनी झालं आहे; मठातल्या बायकांनी वर्षानुवर्षं तिथे ओठ टेकले आहेत. चार कोपऱ्यांना सुईची भोकं होती. उजवीकडे मेणाचे तीन थेंब. आणि मुलाच्या कुशीतल्या जखमेवर कुणीतरी आपल्या हाताने, छपाईनंतर कधीतरी, तांबडा रंग भरला होता.

आई चित्रावर वाकली. मग चित्रावरची नजर न काढता म्हणाली, “हिला निदान मांडीवर तरी घेऊ दिलं. मला तर दाखवलीसुद्धा नाही.”

मिस पॅरींनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर सगळं भाषांतर करत आले होते, खळीचं, उन्हाचं, शेजारच्या मांजराचं. पण हे वाक्य मला इंग्रजीत नेववेना. परक्या घरात आपल्या घरातलं उघडं पडतंय अशी लाज वाटली असावी. मी म्हणाले, आई म्हणते, चित्र छान आहे.

 मिस पॅरी आपली ती वाकडी बोटं माझ्या मनगटावर ठेवून म्हणाल्या, “नाही, कारियाद. ती हे म्हणाली नाही.” कारियाद म्हणजे वेल्शमध्ये लाडकं माणूस, त्या मला तशीच हाक मारायच्या. “काय म्हणाली ते सांग मला.”

मग मी सांगितलं. मांडीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला मला क्षणभर लागलं, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा समजलं की आपल्या घरात काय झालं आहे. तोवर मला वाटत होतं, आईला बरं नाही. मी रडायला लागले. आई मात्र रडली नाही. मिस पॅरींनी उठून गॅस फायर मोठी केली, आणि आमच्या दोघींमध्ये येऊन बसल्या. खिडकी काळवंडेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. त्या दिवशी एकही कागद भिजवला नाही.

चौदा चित्रं धुऊन झाली. पंधराव्याची पाळी आली तेव्हा मिस पॅरींनी कापसाच्या ओल्या बोळ्याने जखमेच्या कडेचा तांबडा रंग हलकेच टिपून बघितला आणि बोळा गुलाबी झाला. वरून भरलेला रंग पाण्यातला होता. चित्र धुतलं तर जखम पुसली जाणार, मेण काढलं जाणार, तुपकट डाग निघणार. कागद स्वच्छ होणार. आईने ट्रेच्या काठावर हात ठेवला आणि नको म्हणाली. मिस पॅरींना ते पटलं होतं, पण चित्र त्यांचं नव्हतं. त्यांनी मालकाला पत्र लिहिलं. मालकाचं उत्तर आलं की डाग म्हणजे नुकसान, आणि तरीही तुमचा आग्रह असेल तर शनिवारी मी स्वतः येतो.

ते आले. करड्या सुटातले, मृदू बोलणारे गृहस्थ. आईने त्या दिवशी कडक खळीची निळी साडी नेसली होती. त्यांनी भिंगातून चित्र बघितलं, सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उरलेल्या चौदांशी हे जुळणार नाही. मळ तो मळच. मी भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने मला हाताने थांबवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत म्हणाली, “धिस इज नॉट डर्ट. धिस इज पूजा.”

त्यांना शब्द कळला नाही. आईलाही दुसरा शब्द सापडेना. ती उभी राहिली आणि म्हणाली, कम. भिंतीला वळसा घालून ती त्यांना आमच्या घरी घेऊन आली, मागोमाग मिस पॅरी आणि मी. जिन्याशी ती चपला काढायला थांबली, तर त्या गृहस्थांनीही न सांगता बूट काढले. बाबा लँडिंगवर उभे होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आईने एअरिंग कपबर्डचं दार उघडलं.

नऊ महिने कुणी ते उघडलं नव्हतं. टाकीची ऊब तेवढी बाहेर आली. देवांवर काळपट थर चढला होता, वाळून भुगा झालेलं एक फूल अजून तिथेच होतं. आईने पितळेची अन्नपूर्णा उचलली आणि पदराने पुसून त्या गृहस्थांपुढे धरली. तिच्या सासूच्या सासूची ती मूर्ती. रोज पाणी, रोज चिंच, रोज अंगठ्याने चोळणं. देवीचं नाक, डोळे, ओठ सगळं झिजून सपाट झालं होतं. आईने स्वतःचा अंगठा तिथे टेकवून दाखवला. तो बरोबर बसला.

त्यांनी मूर्तीला हात लावला नाही. हात मागे बांधून, वाकून, बराच वेळ बघत राहिले. मग इतकंच म्हणाले, “पंधरावं तसंच राहू दे.”

ते गेल्यावर आईने दार परत लावलं नाही. त्याच दुपारी तिने सगळे देव खाली आणून सिंकमध्ये चिंचेने घासले, मी पुसून ठेवत होते. दिवा मात्र तिने लावला नाही. मी आशेने रोज सकाळी बघायची. कितीतरी आठवडे देव घासलेले, चकचकीत, बिनदिव्याचे बसून होते, आणि आई दारात उभी राहून त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. ते स्तोत्र नव्हतं. आवाजावरून तर ते भांडण वाटायचं. मी हे मिस पॅरींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, भांडते आहे ना, मग ठीक आहे. त्या चित्रावर ओठ टेकणाऱ्या बायकाही दुःख काढून घे म्हणून तिथे जात नसाव्यात, त्यांना सोबत हवी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या चैत्रात एका सकाळी जिन्यावरून तुपाचा वास आला. मी कॉर्नफ्लेक्स खात होते. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि दोघांनीही काही बोलायचं नाही, हे आम्ही न ठरवताच ठरवलं.

मिस पॅरी मी युनिव्हर्सिटीत गेले त्या वर्षी वारल्या. चॅपलमध्ये, त्या बिनखिळ्याच्या भिंतींमध्ये, आई पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळी स्तोत्रं तिला येत होती, वेल्शमध्ये, अर्थ न कळता. त्यांनी आईसाठी आपली कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी आणि एनॅमलच्या ट्रे ठेवल्या होत्या. पुढे आईला एका ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात अर्धवेळ काम मिळालं. पगाराच्या कामावर जाणारी आमच्या ओळखीतल्या बायकांमधली ती काही पहिली नव्हती, पण जातानाची तिची चाल बघण्यासारखी होती. त्या ब्रिस्टलच्या गृहस्थांनी शेवटी आपला सगळा संग्रह संग्रहालयाला दिला, असं तिथेच तिच्या कानावर आलं.

आणि म्हणून गेल्या मार्चमध्ये ते पंधरावं चित्र माझ्यासमोर होतं. मेणाचे तीन थेंब, सुईची भोकं, तो तांबडा ठिपका. सहायक मुलीला मी जमेल तेवढं सांगितलं. ती पेन्सिलीने लिहून घेत होती. मध्येच थांबून तिने मला आईच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

बाहेर पडले तेव्हा ट्रेनला दोन तास होते. मी बस पकडून गावाबाहेरच्या सिमेटरीत गेले.

तिथे मी पहिल्यांदा गेले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तोवर इथलं वारं बदललं होतं. रेडिओवर बायका फोन करून विचारू लागल्या होत्या की आमची मुलं तुम्ही कुठे ठेवलीत. एका दुपारी आईने स्वयंपाकघरात असाच एक कार्यक्रम ऐकला, हात पुसले आणि हॉस्पिटलला फोन लावला. तिथून सिमेटरी सांभाळणाऱ्या कौन्सिलला. आता तिला भाषांतराला कुणी लागत नव्हतं. कौन्सिलच्या ऑफिसातल्या बाईने जुनं रजिस्टर काढलं, फोनवरच आडनाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, मिळालं.

शनिवारी बाबांनी गाडी काढली. मी स्लाऊहून, माझ्या पहिल्या नोकरीच्या गावाहून, आदल्या दिवशीच आले होते. ऑफिसातल्या त्या बाईने नकाशाच्या झेरॉक्सवर एका चौकोनावर खूण करून दिली होती. भिंतीजवळ बर्चची चार झाडं आणि त्यापुढे नुसतं गवत. दगड नाही, नाव नाही. एकेका ठिकाणी बरीच मुलं असतात, असं तिने आईला आधीच नीट सांगितलं होतं. बाबा पावलं मोजत गेले आणि एका जागी थांबले. इथे, म्हणाले.

आईने रेनकोट काढून गवतावर पसरला आणि त्यावर बसली. पिशवीतून घरच्या बागेतली थोडी फुलं काढून तिने समोर ठेवली. मला वाटलं ती रडेल. ती गवतातून हात फिरवत राहिली, ताप बघावा तसा.

बाबा उभेच होते. कोटाच्या खिशात हात घालून, झाडांकडे बघत. मग म्हणाले, “मी तिला पाहिलं होतं.”

आईचा हात थांबला.

ते म्हणाले, कॉरिडॉरच्या टोकाला सिस्टरने विचारलं, डॉक्टर, तुम्हाला हवी आहे का. पाच मिनिटं असेल. मी घेतली होती. तुला सांगू नका म्हणाले, सांगितलं तर तुला जास्त त्रास होईल म्हणाले, आणि मीच रोज पेशंटच्या घरच्यांना असलं सांगत होतो, मला ते खरं वाटलं. मग सांगायचं राहून गेलं. मग इतकं राहिलं की सांगता येईना.

बर्चच्या पानांचा आवाज येत होता. बारा वर्षं एका घरात राहून त्यांनी हे एकट्याने बाळगलं होतं, आणि आता ते शाळेत उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते. आई काय करेल याची मला भीती वाटली. तिने वर बघितलं नाही. विचारलं, “केस होते?”

“होते. पुष्कळ. काळे.”

“नाक?”

“तुझं. आणि डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती. माझ्यासारखी.”

 आई थोडी सरकली आणि रेनकोटवर आपल्या शेजारी तिने जागा केली.

“अहो, बसा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”

फुलांना पाणी घालायचं होतं. नळ फाटकापाशी होता. मी डबा घेऊन तिकडे गेले, तो काठोकाठ भरून घेतला आणि मुद्दाम लांबच्या वाटेने परत आले. बाबा अजून सांगत होते.